पोटात काही असल्याशिवाय

सुरेखाने पोरीचा खालचा ओठ दोन बोटांनी ओढून धरला.

"बघा म्याडम, पुन्हा रक्त. सोळा वर्षांची घोडी झाली, अजून दात घास म्हणून सांगावं लागतंय."

शिवकन्याने मान झटकून ओठ सोडवला. दिवसातून तीनदा घासत होती ती. मऊ ब्रश झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, तरी हिरड्या सुजलेल्याच. आता तर समोरचा एक दात जिभेने ढकलला की हलायचा. तो पडेल या धास्तीने ती भाकरीचा घास डाव्या दाढेखाली सरकवून खायची. आणि घरीदारी ज्याला त्याला वाटायचं, पोरगी आळशी आहे. सांगायचं तरी किती जणांना? वीट आला होता तिला.

वडीगोद्रीत हायवेलगत दातांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर ज्योत्स्नाबाईंनी सहा महिन्यांत तिच्या हिरड्या तिसऱ्यांदा साफ केल्या होत्या. आज त्यांनी रक्ताचा रिपोर्ट मागून घेतला. शिवकन्याचं शरीर स्वतःच्याच थायरॉईडच्या ग्रंथीवर उलटलं होतं, हे निदान होऊन वर्ष झालं. गोळीचा डोस दोनदा वाढवला होता. रिपोर्टातला थायरॉईडचा आकडा मात्र हलायला तयार नव्हता. हा आजार आटोक्यात नसला की हिरड्याही लवकर बऱ्या होत नाहीत, असं बाई म्हणाल्या.

"गोळी कधी घेतेस?"

शिवकन्याने आईकडे पाहिलं.

सुरेखा गावची आशाताई. पंधरा वर्षं ती दारोदार रक्तवाढीच्या गोळ्या वाटत आली आणि प्रत्येक बाईला बजावत आली, पोटात काही असल्याशिवाय गोळी घ्यायची नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी उठल्याबरोबर, रिकाम्या पोटी घ्यायला सांगितली होती. तेव्हा सोबत बाप गेला होता. शिवकन्याने घरी येऊन ते दोनदा सांगितलं. गावाला गोळ्या मी वाटते, मला शिकवू नको, म्हणून सुरेखाने तिला गप्प केलं. बाप म्हणाला, यातलं तुझ्या आईएवढं मला कुठं कळतंय. मग रोज सकाळी चहा-चपाती झाली की सुरेखा थायरॉईडची आणि रक्तवाढीची अशा दोन्ही गोळ्या पोरीच्या तळहातावर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहायची. पोरगी फिकी दिसायला लागली म्हणून काळजीने करायची बिचारी.

"चहानंतर," शिवकन्या म्हणाली. "रक्तवाढीच्या गोळीसंगं."

ज्योत्स्नाबाईंनी कपाळाला हात लावला. चहा, चपाती आणि वर लोहाची गोळी, मग ते औषध अंगी लागणार कसं? अख्खं वर्ष पाण्यात घातलंस, म्हणाल्या. दात गेला तर परत येणार आहे का? आई आशा असून घरातच ही गत?

सुरेखा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. दार सताड उघडं होतं. बाहेरच्या बाकावर त्यांच्याच गावच्या दोघी बसल्या होत्या, सुरेखाच्या हातून गोळ्या घेणाऱ्या. त्यांचं बोलणं थांबलं होतं.

वर्षभराचा राग शिवकन्याच्या तोंडाशी आला. तिने तो गिळला.

"आई सांगती उपाशीपोटी घे म्हणून," ती म्हणाली. "मीच ऐकत न्हाई."

"मग ऐकत जा आईचं."

"हो."

दोघी बाहेर आल्या. बाकावरची एक शिवकन्याकडे बघून हसली, "आजकालच्या पोरी!" म्हणाली. शिवकन्याने चपला पायात सरकवल्या. स्वतःचाच इतका संताप आला होता तिला, की आई मागे राहिली हे पायरी उतरल्यावर कळलं.

सुरेखा त्या दोघींसमोरून परत दारात जाऊन उभी राहिली होती. आत गेली नाही. बोलली ते तिथूनच, बाकावरच्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

"म्याडम, पोरगी खोटं बोलली. ती ऐकते माझं. रोज ऐकते. तोच तर घोळ झाला."