कालच्या तारखेचा राम

सणसरला द्वारकाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. ओट्यावर, ट्रॉलीत, गोठ्याच्या गव्हाणीवर माणसं चढली होती आणि जो तो मान लांब करून एकच मोबाइल बघत होता. मोबाइल गावातले देवऋषी भीमाबुवा यांच्या हातात होता. त्यात ड्रोनने वरून घेतलेला आठ सेकंदांचा व्हिडिओ. ऊस, बांधावरचं लिंबाचं झाड आणि सरीत उभा राहून, कपाळावर हात धरून, थेट वर बघणारा राम.

राम म्हणजे द्वारकाबाईंचा एकुलता एक मुलगा. मोटारीचा शॉक बसून तो गेला, त्याला वर्ष उलटलं होतं. आणि व्हिडिओवर तारीख दिसत होती कालची.

"काल ऋषिराजनं ह्याच रानावर ड्रोन उडवला. खरं का खोटं?" बुवा गरजले.

"उडवला की! पीक बघाया आलता," दोघंतिघं एकदम म्हणाले.

"मग! आपलं डोळं मातीचं. यंत्राच्या डोळ्याला वासना न्हाय, म्हणून त्याला आत्मा दिसतोय. त्यात काल अमावास्या. अमावास्येला आत्म्याचं नेटवर्क फुल्ल असतंय!"

कुणीही हसलं नाही. काहींनी हात जोडले.

"राम का आलाय, सांगू? त्याची बायकू उंबरा ओलांडून निघालीय. त्यो वाट अडवून उभा हाय. ही वेशीबाहेर गेली, तर तीन म्हयन्यात ह्या घरात दुसरं मढं पडंल!"

रामाच्या बायकोला, सुकन्येला, बारामतीत नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. सोमवारी हजर व्हायचं होतं. अर्ज भरायला तिला द्वारकाबाईंनीच बसवलं होतं. आणि आज सकाळी त्याच म्हणाल्या होत्या, "ऱ्हाऊ दे पोरी. रामाची इच्छा न्हाय."

दाराशी आबाजी गुरुजी उभे होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली होती. रामाला त्यांनीच अक्षरं शिकवली होती. वर्गाबाहेर चार माणसांपुढे बोलायचं ते टाळत. तारखेची शंका त्यांना मघाशीच आली होती. पण आपण चुकलो तर? आणि बरोबर ठरलो, तर या बाईचं काय होईल?

"गुर्जी, तुमी तरी बोला," सुकन्या जवळ येऊन म्हणाली. "मला कोंडाया मेलेल्या माणसाला उठवलंय ह्यांनी."

गुरुजींनी खिशातून मोबाइल काढला. आपला पंधरा वर्षांपूर्वीचा एक फोटो त्यांनी द्वारकाबाईंच्या फोनवर पाठवला.

"त्यावर तारीख काय दिसते, सुकन्या?"

"आजची."

"मग माझे केस आज दुपारी काळे होते का?"

ट्रॉलीतून खसखस पिकली. गुरुजी घाईघाईने म्हणाले, "एका यंत्रातलं दुसऱ्यात उतरवलं, की फोन पुष्कळदा उतरवल्याची तारीख दाखवतो. काढल्याची नव्हे."

"मास्तर, पुस्तकं वाचून टकुरं फिरलंय तुमचं!" बुवा म्हणाले. "फोटूचं सोडा. आई लेकराला वळखती का न्हाय?"

गुरुजी गर्दीत ऋषिराजला शोधू लागले. सगळं अंगण त्यांच्याकडे बघत होतं. तो दिसताच ते म्हणाले, "ऋषिराज, तुझ्या लॅपटॉपवर मोठा करून दाखवतोस?"

ऋषिराजने एकदा बुवांकडे पाहिलं. मग गाडीतून लॅपटॉप आणून ओट्यावर ठेवला.

राम मोठा झाला. द्वारकाबाईंनी पडद्यावर त्याच्या गालाला बोट लावलं. दुसऱ्यांदा व्हिडिओ चालला तेव्हा बोट हळूहळू खाली सरकलं आणि त्याच्या गुडघ्याशी थांबलं.

"ह्यो ऊस गुडघ्याएवढा हाय," त्या म्हणाल्या. "पहिली माती चढवायची बाळबांधणी बी झाल्याली न्हाय अजून. आमचा ऊस आज डोक्याच्या वर दोन हात गेलाय. त्यात हत्ती हुबा केला तरी वरनं दिसायचा न्हाय."

कांडी मोजून उसाचं वय सांगणारं गाव ते. पण सकाळपासून एकानेही ऊस बघितला नव्हता.

ऋषिराजची मान खाली गेली. "काकी, नवा ड्रोन घेतला तवाचा हाय ह्यो. दोन वरसं झाली. रामभाऊच म्हणला हुता, माझ्यावरनं ने. बुवांनी आठवण म्हणून मागितला, मी काल त्यांच्या फोनवर टाकला. हितं असलं काय चालंल, मला ठावं न्हवतं. सकाळपास्नं बोलायचं धाडस झालं न्हाय." त्याने मूळ फाइलची माहिती उघडली. दोन वर्षांपूर्वीची तारीख तिथे होती.

"काय बुवा, नेटवर्क गेलं व्हय?" कुणीतरी ओरडलं. बुवा 'देवाची लीला, देवाची लीला' करत गर्दीतून वाट काढू लागले.

द्वारकाबाई हसल्या नाहीत. "गुर्जी, सकाळपास्नं माझं लेकरू घरी आलं हुतं. तुमी त्याला परत न्हेलंत."

गुरुजी पायरीवर बसले. द्वारकाबाईंनी डोळे पुसले. "सोमवारी हिला सोडाया मीच जाईन. आन् ऋषिराज, त्यो विडिओ माझ्या फोनात टाक. खरी तारीख सांगून टाक."

तेव्हा कुठे गुरुजींना धीर आला. उरलेल्या माणसांकडे न बघताच ते हळू आवाजात म्हणाले, "गेलेलं माणूस बघावंसं वाटतं, त्यात वाईट काही नाही. बघा, रडा. पण त्याच्या नावानं कुणी जित्या माणसाची वाट अडवायला लागला, तर आधी विचारा, हे कधी काढलं, कुणी उतरवलं? एवढं विचारायला शिक्षण लागत नाही. आणि विचारल्यानं देव रागावत नाही."

निम्मी माणसं तोवर निघून गेली होती. उरलेल्यांनी ऐकलं.