चोवीस तासांची तपासणी

माझा नवरा वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानदाराच्या काट्यात चार ग्रॅमची खोट निघाली तर तो काट्याला सील ठोकतो आणि पुन्हा तपासणी होईपर्यंत त्या माणसाला तो काटा वापरू देत नाही. बाजारात लोक त्याला टरकून असतात. घरी कुणी टरकत नाही, म्हणून बिचाऱ्याला इंटरनेटवर जावं लागतं.

मी अक्षरजुळणी करते. सतरा वर्षं पावतीपुस्तकं, हँडबिलं आणि औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर जुळवला. असल्या कामावर जुळवणाऱ्याचं नाव नसतं, आणि नसतं तेच बरं. यंदा पहिल्यांदा छापखान्याच्या मालकांनी खरंखुरं पुस्तक दिलं. एका निवृत्त वनपालांनी लिहिलेलं, पक्ष्यांच्या घरट्यांवरचं, पाचशे चाळीस पानांचं, आणि पानोपानी फोटो. महिनाअखेर काम हातात द्या, आतल्या पानावर तुमचं नाव टाकतो, असं मालक म्हणाले. मला ते नाव हवं होतं. इतकं हवं होतं की कुणाला सांगायचीही लाज वाटत होती.

तिसऱ्याच दिवशी कॉम्प्युटरनं मान टाकली. एक घरटं उघडायला दीड मिनिट आणि ते इंचभर सरकवायला आणखी दीड मिनिट. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं पाच मिनिटं खुडबुड केली आणि म्हणाला, "रॅम कमी पडतेय, ताई. आणखी एक टाकू, काम भागेल." नवऱ्यानं त्याला हसून वाटेला लावलं. पाच मिनिटांत निदान करणाऱ्यावर त्याचा विश्वास नाही, कारण त्याच्या खात्यात पाच मिनिटांत फाईलची गाठसुद्धा सुटत नाही.

मग अभ्यास सुरू झाला. जुने प्रोसेसर घेऊन त्यांना कंपनीनं ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणाऱ्या लोकांचा इंटरनेटवर एक गट आहे. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गटाचा म्होरक्या स्वतःला थंडोबा म्हणवतो. थंडोबांचं मत असं की चार कोअरचे नवे प्रोसेसर म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले. शहाण्यानं दोन कोअरचा जुना, म्हणजे ड्युअल कोअर घ्यावा. तो स्वस्त पडतो, कमी तापतो, आहे त्याच मदरबोर्डवर बसतो आणि छापलेल्या वेगाच्या दीडपट पळतो. हे मला सांगताना नवऱ्याचा आवाज कापरा झाला होता. छापल्यापेक्षा कमी भरणाऱ्यांना पकडण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला अखेर छापल्यापेक्षा जास्त भरणारी वस्तू सापडली होती. मला त्याची कीव आली आणि मी हो म्हटलं. ती चूक माझी.

दोन ड्युअल कोअरमधून एक निवडायला त्यानं नऊ दिवस घेतले. एकाची कॅश, म्हणजे आतली साठवण मोठी, दुसऱ्याचा मल्टिप्लायर, म्हणजे वेगाचा गुणक मोठा. वहीत दोन रकाने आखून तो रोज त्यात भर घालायचा. माझ्याशी लग्न करायचं त्यानं एका दुपारीत ठरवलं होतं. आठव्या दिवशी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "लहानपणी यानं भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. अजून बंदच आहे."

प्रोसेसरवर वाचलेले सगळे पैसे तो थंड ठेवणाऱ्या कूलरवर गेले. कूलर कसला, पिठाच्या डब्याएवढं धूड! तांब्याच्या नळ्या, वर पत्र्यांची चळत, बाजूला पंखा. चिपपासूनच्या सगळ्या फटी नवऱ्यानं मिलिमीटरमध्ये मोजल्या होत्या. कॅबिनेटची रुंदी तेवढी मोजायची राहिली. झाकण लागेना, तेव्हा उघड्या कॅबिनेटमध्ये हवा खेळती राहते असं थंडोबांनी कळवलं. आणि माझ्या कामाच्या टेबलावर मशीन आतडी बाहेर काढून उभं राहिलं.

ते पळालं, हे मान्य करायला हवं. पण पळालं म्हणून वापरायला मिळतं, अशी माझी भाबडी समजूत होती. आधी चोवीस तासांची तपासणी. म्हणजे एक प्रोग्रॅम लावायचा, त्यानं चोवीस तास अखंड गणितं सोडवायची, ज्यांची उत्तरं जगात कुणालाच नको आहेत. मध्येच मशीन कोसळलं तर व्होल्टेज चिमूटभर बदलायचं आणि पुन्हा पहिल्या तासापासून सुरुवात. वीज वरखाली होऊ नये म्हणून घरात इस्त्री, मिक्सर आणि पाण्याची किटली बंद. दर अर्ध्या तासाला वहीत तापमानाची नोंद. पॉवरच्या बटणावर त्यानं ऑफिसातली कागदी पट्टी चिकटवली: तपासणी चालू, वापर करू नये.

महिना संपायला तेरा दिवस होते. मशीन चौदाव्या तासाला कोसळलं, मग एकोणिसाव्या, मग नवव्या. मी त्याला म्हटलं, मला दिवसाचे चार तास दे, मशीन पडलं तर पडलं, मी फाईल सारखी सेव्ह करत जाईन.

"अगं, तपासणीतला काटा गिऱ्हाइकासमोर ठेवतात का?" तो म्हणाला. अगदी शांतपणे, समजूत घालावी तसं.

दुसऱ्या दिवशी चुरगळलेल्या कपड्यांत मी छापखान्यात गेले आणि मालकांसमोर तोंड वेंगाडलं. त्यांनी कोपऱ्यातलं एक मशीन दिलं. त्यावर घरटी फटाफट उघडत होती. तिथल्या ऑपरेटरला विचारलं, हे कुठलं नवीन मॉडेल? तो म्हणाला, नवीन कसलं, जुनाट ड्युअल कोअर आहे, जसा आला तसाच बसवलाय, फक्त रॅम वाढवली. मी आधी हसले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. दुःखानं नाही, निव्वळ संतापानं. दहा दिवस मी तिथे सकाळी दहाला जाऊन बसत होते. अखेरच्या दिवशी, छपाईवाला मशीन पुसत असताना, शेवटचं पान हातात दिलं.

पुढच्या महिन्यात पुस्तक आलं. आतल्या पानावर खाली, बारीक अक्षरात, अक्षरजुळणी आणि मांडणी यापुढे माझं पूर्ण नाव होतं. सासूबाईंनी चष्मा पुसला आणि त्या नावावरून बोट फिरवलं. नवरा वहीतून मान वर न काढता छान म्हणाला. मी पुस्तक टेबलावर ठेवलं. दोन दिवसांनी सकाळी बघते तर टेबलावर नाही.

ते कॅबिनेटमध्ये होतं. कूलरच्या खाली टेकू म्हणून उभं केलेलं, वरच्या कडेला दाबाची खोक पडलेली, आणि पंख्याच्या वाऱ्यानं पानं फडफडत होती.

नवरा दाढी करता करता बाहेर आला. इतका खूश मी त्याला वर्षभरात पाहिला नव्हता. "कूलर वजनानं लोंबत होता, म्हणून तर मशीन पडत होतं. किती वस्तू लावून पाहिल्या! तुझं पुस्तक मिलिमीटरला बरोबर बसलं. तेवीस तास झालेत बघ. म्हटलं होतं ना, तुझंच काम सोपं करतोय." आणि तो तोंड धुवायला गेला.

मला दहाला छापखान्यात जायचं होतं. मालक दुसरं पुस्तक देणार होते, आणि या खेपेला मला चुरगळलेल्या कपड्यांत जायचं नव्हतं. मी कूलर एका हातानं उचलून धरला, दुसऱ्या हातानं पुस्तक ओढून काढलं, मग कूलर सोडून दिला. मशीन कोसळलं, कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला. मी प्लग उपटला आणि त्या जागी इस्त्रीचा लावला. ती तापेपर्यंत नवऱ्याची वही पुढे ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात, त्याच्याच पेनानं, नीट अक्षरात लिहिलं: तेवीस तास दहा मिनिटं. नापास. कारण, आधार काढून घेतला.