वाळुंजीचे फटके

ब्लाझेनाने कांद्याच्या सालांच्या पाण्यातून शेवटचे अंडे झाऱ्याने उचलले आणि फडक्यावर ठेवले. तांबूस रंग यंदा छान धरला होता. डुकराच्या चरबीचा तुकडा घेऊन ती एकेका अंड्याला चोळू लागली, तशी अंडी चकाकायला लागली. गल्लीच्या टोकाला पुरुषांचे गाणे सुरू झाल्याचे तिला ऐकू आले. अजून चार घरे, मग आपले.

तिचा नवरा ओटाकार टेबलापाशी बसून होता. पायात बूट होते, अंगात सणाचा पांढरा सदरा होता, पण उठायचे काही चिन्ह नव्हते. त्याने काल विणलेली वाळुंजीची छडी त्याच्यासमोर आडवी पडली होती. ईस्टरच्या सोमवारी उजाडले की तो ती घेऊन आधी बायकोच्या पोटऱ्यांवर हलकेच टेकवायचा आणि मग वीजघरात बरोबर काम करणाऱ्या लुबोरच्या घोळक्यात मिसळून गावभर बायकांना छडी लावत, बदल्यात रंगवलेली अंडी घेत फिरायचा. ओल्या काडीतला जीव बाईच्या अंगात उतरतो, ती वर्षभर टवटवीत राहते, तिची कूस भरते, असे सगळे मानत. न मानणारा कोणी असला तरी बोलून दाखवत नसे.

वरच्या मजल्यावरून त्याची आई हेडविका कठडा धरत खाली आली. हातात कोकराच्या आकाराचा केक होता, त्यावर पिठीसाखर भुरभुरलेली.

"तू अजून इथंच? स्वतःच्या बायकोला छडी लावायला वेळ नाही, असं म्हणतील लोक."

"जातो आई, नंतर."

"नंतर कधी? दुपार झाली की बायका भिजवायला पाण्याच्या बादल्या घेऊन तुमच्यामागं लागतील." तिने केक टेबलावर ठेवला आणि सुनेकडे वळली. "लुबोरला मी कालच बजावलंय. म्हटलं, हातचं राखून मारू नकोस. इतकी वर्षं झाली, मारणारेच लाजतात मेले, मग गुण कसा यायचा?"

"बरं, आई," ब्लाझेना म्हणाली आणि पुढचे अंडे उचलले.

हेडविका वाईट बाई नव्हती. दर मे महिन्यात टेकडीवरच्या मारियामातेच्या देवळात सुनेबरोबर तीही चढून जायची, आणि तिचे गुडघे पायरीगणिक करकरायचे. सून नवस बोले, सासू मेणबत्ती लावी. दोघी एकच गोष्ट मागायच्या. डॉक्टरांनी ब्लाझेनाला तपासून दोष काही नाही म्हटले होते, पण डॉक्टर शहरातले, त्यांना काय कळणार, असे हेडविकाचे मत होते.

ओटाकार छडीच्या टोकाला बांधलेली फीत सोडवत होता आणि पुन्हा बांधत होता.

फेब्रुवारीत धूर खोऱ्यात उतरून बसला होता. डोंगरावर ऊन होते म्हणे, पण खाली भरदुपारी रस्त्यावरचे दिवे लावलेले असत, आणि वीजघराची धुरांडी निम्म्यापासून वर दिसेनाशी होत. त्याच दिवसांत कामावरच्या फाटकाशी आरोग्य केंद्राचा कागद लागला. धुरामुळे पुरुषाच्या बीजावर काय परिणाम होतो ते पाहायचे आहे, तरुण कामगारांनी हिवाळ्याच्या शेवटी एकदा आणि उन्हाळ्याच्या शेवटी एकदा नमुना द्यावा. कागदाखाली लोकांनी नको ते लिहिले. बाटली डॉक्टरीणबाई धरणार की आपणच धरायची, असे लुबोरने जेवणाच्या सुट्टीत विचारले तेव्हा सगळे हसले, ओटाकारही हसला. आणि त्याच आठवड्यात तो कुणाला न सांगता, लांबच्या रस्त्याने जाणारी बस पकडून केंद्रात जाऊन आला. निकाल घ्यायलाही एकटाच गेला.

त्या संध्याकाळी त्याने कोटसुद्धा काढला नव्हता. याच स्वयंपाकघरात उभ्या उभ्या त्याने सांगितले.

"तुझ्यात काही नाही. माझ्यात आहे."

ब्लाझेनाने गॅस बंद केला.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शुक्राणूंची संख्या आहे, पण बरेचसे धड नाहीत. नीट पोहत नाहीत. काही आतून तुटलेले आहेत. धुरानं होत असावं, असं त्यांना वाटतं. उन्हाळ्यात हवा सुधारली की नवे चांगले तयार होतील, असंही वाटतं. पण खात्रीनं सांगत नाहीत. खात्री करायला माणसं हवीत, आणि माणसं येतच नाहीत. मूठभर लोकांवरून काही बोललं तर वरचे लोक हसतील म्हणाल्या."

मग खाली बघत तो म्हणाला, "कुणाला सांगू नकोस. आईला तर नाहीच."

तिने हो म्हटले. ईस्टरपूर्वीच्या उपवासात ती कॉफीत साखर घालत नसे. हे गप्प राहणेही त्यातच धरू, असे तिने मनाशी ठरवले. पहिले काही दिवस ते हलके वाटले. मग चर्चच्या दारात कुणी तिच्या सपाट पोटाकडे पाहिले की खरे सांगून टाकावेसे वाटे, आणि ती जपमाळेचा पुढचा मणी पुढे सरकवी. तू बोल, असे ती त्याला एकदाही म्हणाली नाही. मागून घेतलेले खरे तिला नको होते.

आता घोळका दाराशी पोचला. दार वाजले नाही, ढकललेच गेले. लुबोर आत आला, गाल थंडीने आणि दारूने लाल झालेले. त्याच्यामागून वीजघरातलेच चौघे शिरले. त्यांच्या छड्यांना रंगीत फितींचे झुपके लटकत होते, घराघरातून एकेक फीत बांधून घेतलेली. अंडी मागण्याचे गाणे त्यांनी निम्मे म्हटले, उरलेले पुटपुटले.

"ओटा, आज काय सोवळ्यात बसलास? गावातल्या बायका विचारतायत, तो हळू मारणारा कुठे गेला म्हणून."

"बस रे," ओटाकार म्हणाला.

लुबोरने आधी हेडविकाच्या स्कर्टला छडी टेकवली. ती मानाने कमरेत वाकली. "माझं झालं, आता कामाचं बघ," ती म्हणाली.

"वहिनी, आईंचा हुकूम आहे. माझ्यावर राग धरू नका. पुढच्या ईस्टरला या घरात गाणं म्हणायला आलो की पोर दचकून रडलं पाहिजे."

मागचे हसले. ब्लाझेनाने हात पुसले, पाठ फिरवली आणि टेबलाची कड धरली. पहिला फटका पोटरीवर बसला. खेळातल्यापेक्षा जोराचा होता, पण तिने आवाज केला नाही. दुसऱ्यासाठी काडीचा सूं आवाज आला, आणि तो तिथेच थांबला.

तिने मान वळवली. ओटाकार उभा होता. लुबोरचे मनगट त्याने धरले होते, घट्ट नाही, उगाच धरावे तसे.

"चुकीच्या माणसाला मारतोयस, लुबोर."

"म्हणजे?"

"दोष माझ्यात आहे. तिच्यात नाही. मी तपासून आलोय."

लुबोर हसायच्या बेतात होता. तोंड उघडलेले तसेच राहिले.

"त्या डॉक्टरीणबाईंकडे? तू?"

"मी. धूर छातीत जातो तेवढ्यावर थांबत नाही, असं दिसतंय. माझं बीज धड नाही. हिवाळ्यात तरी नाही. उन्हाळ्यात पुन्हा बघणार आहेत."

"अरे, माझे आजोबा याच खोऱ्यात आठ पोरांचे बाप झाले."

"तेव्हा वीजघर नव्हतं."

लुबोरने इकडेतिकडे पाहिले. बाकीचे आपापल्या छड्यांच्या फिती न्याहाळत होते. एकाच्या खिशातली बाटली नीट बसत नव्हती, ती तो पुन्हा पुन्हा आत दाबत होता.

"छडीत खरंच काही असेल तर ते मला हवंय," ओटाकार म्हणाला. त्याने पाठ फिरवली आणि ब्लाझेनाच्या हातांशेजारी आपले दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवले. "मार."

त्याच्या बोटांची पेरे पांढरी पडली होती. मागे वीजघरात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याला आग लागली तेव्हा तो अडकलेल्या माणसासाठी आत शिरला होता. ते तिने इतरांच्या तोंडून ऐकले होते, आणि तो स्वतः त्यावर कधी बोलला नव्हता. तो आत शिरताना कसा दिसला असेल, याचा विचार तिने पूर्वी पुष्कळदा केला होता. आता ते समोर दिसत होते.

लुबोरचा हात उचलेना. कुठल्याही पुरुषाने या दिवशी पुरुषाला मारलेले कुणी पाहिले नव्हते.

"दे इकडं," हेडविका म्हणाली.

तिने त्याच्या हातातून छडी घेतली. एका हाताने टेबलाचा आधार घेत ती मुलाच्या मागे जाऊन उभी राहिली. अंडी मागण्याचे गाणे तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटले, एक शब्द न गाळता, पारायण करावे तशा कोरड्या, सरळ आवाजात. म्हणता म्हणता त्याच्या पोटऱ्यांवर काडी टेकवत गेली. जोरात नाही, हळूही नाही.

गाणे संपले. ओटाकार वळला. फडक्यावरचे सगळ्यात चकाकणारे अंडे निवडून त्याने आईच्या हातावर ठेवले. तिने ते पाहिले, एप्रनच्या खिशात टाकले आणि डोळे पुसायच्या ऐवजी चष्मा पुसला.

"उभे काय राहिलात?" ती पुरुषांना म्हणाली. "पेले घ्या. केक कापते."

त्यांनी आलुबुखाराची दारू घेतली, केक खाल्ला, आणि एरवीपेक्षा लवकर निघाले. हेडविकाने सुनेला पेला देताना तिच्या पोटरीकडे पाहिले. तिथे लाल वळ उठला होता.

"लोणी लाव त्याला," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, जिन्याच्या पहिल्या पायरीवरून, मागे न पाहता, "मी सांगितलं होतं त्याला, जोरात मार म्हणून. मीच."

"ठाऊक आहे, आई."

"मला सांगायचं होतंस."

"ते ह्यांचं होतं सांगायचं."

सासू वर गेली. करकरणारे गुडघे शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू येत राहिले.

ओटाकार पेले विसळत होता. ब्लाझेना त्याच्याशेजारी उभी राहून एकेक पुसू लागली. एकदा तिने ओल्या हाताने त्याच्या मानेवरची कॉलर सरळ केली, ती सरळच होती.

तेवढ्यात दार पुन्हा वाजले. या वेळी खरोखर वाजले, हलकेच. दारात लुबोर होता, एकटा. छडी कुठेतरी ठेवून आला होता.

"माझी टोपी राहिली बहुतेक," तो म्हणाला.

टोपी त्याच्या डोक्यावर होती.

ओटाकारने ती पाहिली, ब्लाझेनानेही पाहिली. लुबोर उंबऱ्याशी घुटमळला. मग आवाज खाली घेऊन बोलला, जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी निजले असावे.

"आमची एकच मुलगी, तुला माहीत आहे. लोकांना सांगतो, एक पुरे. माझ्या यार्मिलाला त्यानंतर तीन वेळा दिवस गेले, तीनही वेळा पोटातलं गेलं. ती आपल्याच अंगाला दोष देत बसते." तो थांबला. "त्या बाई कुठल्या दिवशी असतात?"

"गुरुवारी."

"उपाशीपोटी जायचं असतं का?"

"नाही. पण दारू नको. आणि आधीचे काही दिवस बायकोपासून लांब."

"अरे देवा. दोन्ही?"

"दोन्ही."

लुबोर हसला, आणि हसता हसता त्याने नाक ओढले. "तू येशील माझ्याबरोबर? बाहेर बाकावर नुसता बस. मी एकटा गेलो तर फाटकातूनच परत येईन."

"येतो. लांबच्या बसनं नाही जायचं पण. गावातूनच जाऊ."

ब्लाझेनाने हातातले फडके ठेवले.

"थांबा भाऊजी, टोपी बघते कुठं आहे ती," ती म्हणाली. आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतले, आणि खुर्च्यांखाली, पलंगामागे, कपाटावर बराच वेळ शोधत राहिली.