जावळ्याची हाक

पिल्लू निवडायला सगळे निघाले तेव्हा आजीही गाडीत बसली. कुत्र्याचं तिला काडीचं कौतुक नव्हतं. पण त्याच आठवड्यात थोरला लेक फोनवर धाकट्याला म्हणाला होता, "आता थोडे दिवस तू ने तिला," आणि ते तिच्या कानावर पडलं होतं. धाकट्याचं घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची दीड खोली, आणि तोंडाला कुलूप घालून बसलेली सून. म्हणून कुत्र्याची गोष्ट निघाली आणि "दिवसभर बघणार कोण?" इथं अडली, तेव्हा आजी पुढं सरसावली. "मी काय मेले आहे?" त्या एका वाक्यावर कुत्रं आलं आणि त्याच वाक्यावर आजी राहिली. तसं कुणी बोललं नाही. पण न बोललेलंच आजीला नीट ऐकू यायचं.

थोरल्या सुनेनं पूडल या कुरळ्या केसांच्या जातीचा संकर ठरवला होता. नातीला केसांनी शिंका यायच्या, आणि याचे केस फारसे गळत नाहीत म्हणे. पिल्लं विकणारी बाई सरळ होती. म्हणाली, "गळत नाहीत म्हणजे सुटलेला केस आतच अडकतो. कंगवा कातडीपर्यंत गेला नाही की गुंता झालाच म्हणून समजा. आणि पिल्लू बघायच्या आधी त्याची आई बघा. आई शांत, तर पिल्लू शांत."

"हे शहाणपण याचं लग्न ठरवताना मला कुणी सांगितलं नाही," आजी लेकाकडे बोट दाखवून म्हणाली.

थोरला हसला. सून हसली नाही.

एक पिल्लू अंगावर उड्या मारत होतं, एक कोपऱ्यात थरथरत होतं. ती दोन्ही सोडून, पुढं येऊन शांतपणे हात हुंगणारं घेतलं. जर्दाळूच्या रंगाचं, डोक्यावर हे एवढं जावळ. नातीनं कसलंसं इंग्रजी नाव ठेवलं. आजीनं जावळ्या म्हटलं, आणि कुत्रं जावळ्यालाच ओ देऊ लागलं.

वळण मात्र आजीनं खणखणीत लावलं. एका हाकेत यायचं. पुढ्यात हाडूक असो की दारात मांजर, हाक आली की जावळ्या माघारी. "माझ्या घरात दुसरी हाक नसते," ती सांगायची. "माझे लेकही असेच वाढलेत."

विंचरायचं काम तिनं स्वतःच्या मतानं केलं. सुनेनं पोलादी कंगवा आणला, केसांत भांग पाडून मुळापासून कसं विंचरायचं ते दाखवायला बसली. आजीनं तो हातातसुद्धा घेतला नाही.

"मला शिकवतेस? या हातांनी दोन लेकांची आणि तीन नणंदांची डोकी विंचरलीत. एकीच्या डोक्यात ऊ सापडली असेल तर सांग!"

तिनं आपला मऊ ब्रश काढला. वरवर फिरवला की जावळ्या कापसाच्या बोंडासारखा फुलायचा. रस्त्यात लोक थांबायचे, "काय राखलंय हो!" म्हणायचे, आणि आजीची मान आणखी ताठ व्हायची. दर शनिवारी कढत पाण्यानं अंघोळ, वर टॉवेलनं खसाखसा पुसणं. लोकरीचा स्वेटर कढत पाण्यात चोळला की आटून त्याचा घट्ट गोळा होतो, तेच त्या केसांचं आत होत होतं.

"आई, मुळापर्यंत जातो ना कंगवा?" सून विचारायची.

"नाही, आरपार जातो! एवढी शंका असेल तर स्वतः बस की."

सून कामावरून यायची ती थकून. ती बसली नाही.

पुढं पुढं कानामागं हात गेला की जावळ्या अंग चोरायला लागला. "लाडावलाय मेला," आजी म्हणाली. मग एक दिवस नातीनं त्याच्या गळ्यात हात टाकले, आणि जावळ्यानं तिच्या मनगटाला दात लावले. रक्त थेंबभरच आलं, पण घर पांढरंफटक पडलं.

"चावरं कुत्रं घरात नको," थोरला म्हणाला. "परत देऊन टाकू."

आजीनं मनातल्या मनात हिशेब केला. कुत्रं गेलं की आपलंही बोचकं बांधलंच. "पोरीनंच ओढलं असेल," ती घाईनं म्हणाली.

सून म्हणाली, "त्याची आई बघून घेतलाय मी. त्याला कुठंतरी दुखतंय."

कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाईनं जावळ्याला टेबलावर घेतलं, बोटं केसांत घातली आणि थांबली. मग मशीन लावलं. केस गळून पडलेच नाहीत. कांबळं सोलावं तसा एकसंध थर निघत गेला. खाली लालभडक कातडी, कानामागं ओली जखम. एवढ्यातही जावळ्यानं बाईचा हात चाटला.

"कित्येक महिने याच्या मुळाशी कंगवा पोचलेला नाही," ती म्हणाली. "आणि गुंत्यावर अंघोळी. पावलापावलाला कातडी ओढली जात होती. दुसरं कुत्रं केव्हाच चावलं असतं."

जावळ्या सुटला, आजी सापडली.

घरी आल्यावर थोरल्यानं विचारलं, "आई, तू विंचरत होतीस ना?"

"रोज!" ते खोटंही नव्हतं. "तुमचं कुत्रंच नाजूक, त्याला मी काय करू?"

'चुकलं' एवढा एक शब्द पुरला असता. पण जन्मात कधी तो तिच्या जिभेवर चढला नव्हता. आज कुठून चढणार?

"मी दर वेळी विचारत होते," सून म्हणाली. आवाज चढवला नाही, म्हणून जास्त लागला. "जमत नाही म्हणाला असतात, तर मी केलं असतं. पिल्लाची आई बघितली मी. नवऱ्याची बघायची राहिली."

थोरल्यानं मान खाली घातली. बायकोला गप्प केलं नाही. आजीला उत्तर तिथंच मिळालं.

पुढच्या रविवारी दिवसभर कुत्रं बघायला एक निवृत्त नर्स कामाला लागली, आणि धाकट्याकडे जायला थोरल्यानं आजीची बॅग गाडीत ठेवली. जावळ्या, सोललेल्या बटाट्यासारखा बोडका, तिच्या पायात पायात फाटकापर्यंत आला. गाडीचं दार उघडलं तसे त्यानं पुढचे दोन पाय आतही ठेवले. आजीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बघा म्हणावं, माणसांना नाही, पण याला कळतं.

तेवढ्यात सुनेनं दारातून हाक मारली. एकच.

जावळ्या पाय काढून माघारी फिरला. वळूनही बघितलं नाही.

आजीच्या ओठावर त्याचं नाव आलं होतं. पण ती हाक दुसरी झाली असती. तिनं दार ओढून घेतलं आणि लेकाला म्हणाली, "चल. उशीर करू नकोस."