खालचा भाग दादाचा

मी एक जुनी हार्ड डिस्क बोलतेय. सध्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये पडून असते, बोथट कात्री आणि संपलेल्या सेलच्या शेजारी.

माझा जन्म झाला त्या कारखान्यात माणसं नाकतोंड झाकून वावरायची. धुळीचा एक कण तबकडीवर बसला असता तरी माझा कारभार आटोपला असता. इतकं जपून बनवलं होतं मला.

मला घरी आणलं दादाने. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आल्या आल्या त्याने माझे दोन भाग केले, दोघांची भाषा वेगवेगळी. कॉम्प्युटर सुरू केला की काळ्या पडद्यावर विचारणा व्हायची: वरच्या भागात जायचं की खालच्या?

"वरचा तुझा, तुझ्या गेमसकट. खालचा माझा," दादा धाकट्या भावाला म्हणाला. "तुझ्या बाजूने माझं काही दिसणार नाही. उगाच खुडबुड करायची नाही."

आई दारातून म्हणाली, "भावाभावांची वाटणी इतकी गुण्यागोविंदाने झालेली पहिल्यांदाच बघतेय बाई!"

धाकट्याने शाळा अर्ध्यावर सोडली होती आणि टायरच्या दुकानात पंक्चर काढत होता. त्याला बाहेरून परीक्षेला बसवायचंच, असं दादाने मनावर घेतलं होतं.

"पुस्तक उघडलं की झोप येते मला."

"मग वाचू नकोस, ऐक. कानांना तर कष्ट नाहीत ना?"

तेव्हापासून दादा कामावरून यायचा, हात धुवायचा, दार लावून माइकसमोर बसायचा आणि धडे मोठ्याने वाचायचा. मध्येच म्हणायचा, "धाकट्या, जांभई आवर. मला दिसतेय." ते सगळं माझ्या खालच्या भागात साठत गेलं. धाकटा म्हणायचा, "ऐकतो रे उद्या."

एकदा धाकट्याने न वाचताच कुठलंसं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर बंद पाडला. तेव्हा दादाने त्याच्या डोक्यात टपली मारली. "समोर काय विचारलंय ते वाच तरी! प्रत्येकाला काय हो म्हणतोस, नवरदेव आहेस का?"

मग दादाला तापाचं निमित्त झालं. स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही.

बरेच दिवस माझ्यावर कोणी वीज सोडली नाही. एका दुपारी आई म्हणाली, "त्याचा आवाज आहे ना रे त्यात? लाव की." धाकटा खालच्या भागात गेला. धड्यांची रांगच्या रांग बघून त्याचा चेहरा कसानुसा झाला. पहिल्याच धड्यावर त्याने बोट ठेवलं, आणि आवाज फुटायच्या आत मी अडकले. आतून टकटक करू लागले. वय झालं होतं माझं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला म्हणाला, "ही म्हातारी जायला आलीय. मोठी डिस्क घे. दोन्ही भाग जसेच्या तसे उचलून तिच्यावर ठेवतो. परवा आण, आज हातात काम आहे."

परवापर्यंत थांबेल तो धाकटा कसला! "दादाचं आहे, परक्याच्या हातात देणार नाही," म्हणत तो नवी डिस्क घेऊन तडक घरी आला. ती त्याने माझ्या शेजारी जोडली आणि आपल्या, म्हणजे वरच्या भागातून काम सुरू केलं. वरचा भाग नीट उचलला गेला. मग तो खालच्याकडे वळला. पण वरच्याला खालच्याची भाषा येत नव्हती. तिथे काही आहे हेच त्याला कळेना. त्याने पडद्यावर विचारलं: ही जागा वाचता येत नाही, पुसून नव्याने मांडू का?

धाकट्याने वाचलं नाही. हो म्हणाला.

तरीही सगळं गेलं नव्हतं. धड्यांचे पत्ते पुसले होते, घरं शाबूत होती. तेव्हाच मला बंद केलं असतं तर काहीतरी वाचलं असतं. पण त्याचा धीर सुटला. गेलेलं परत आणणारे प्रोग्राम तो नेटवरून एकामागून एक उतरवत सुटला. वरचा भाग तर भरलेला, आणि नवी डिस्क त्याला सुचलीच नाही. मग उतरवले कुठे? त्याच रिकाम्या दिसणाऱ्या जागेत, दादाच्या धड्यांवर.

दुरुस्तीवाल्याने मला तपासलं आणि मान हलवली. "हाती लागलं ते एवढंच." त्याने ते लावलं. खुर्ची सरकल्याचा आवाज, पान उलटल्याचा आवाज, आणि दादाने घसा खाकरला. पुढे खरखर.

धाकटा म्हणाला, "पुढचं?"

"पुढचं नाही बाळा."

आई अजून विचारते, "लावतोस ना रे?" तो म्हणतो, "कॉम्प्युटर बिघडलाय, आई." नवी डिस्क चांगली चालते. तिच्यात जागाच जागा आहे, आणि धाकट्याचे गेम.

मला विचाराल तर माझ्यासमोर घडलं ते, आणि दादाची ती जांभईची थट्टा, एवढंच मला आठवतं. त्याने वाचलेले धडे माझ्यावर लिहिलेले होते; ते पुसले तसे माझ्या आठवणीतूनही गेले. धडा कुठला होता तेसुद्धा नाही.

घरात कोणी नसलं की धाकटा ड्रॉवर उघडतो आणि मला हळूच हलवून कानाला लावतो. "दादा, वाचलं नव्हतं रे मी," म्हणतो.

धाकट्या, मला कानाला लावू नकोस. आत कोणी नाही.