हलकं पुडकं

श्रुतिकाचं लग्न ठरलं ते वर्ष दोन हजार तेवीस. पाडवा होऊन थोडे दिवस झाले होते, आणि सुलक्षणा मोरीच्या उंबऱ्यावर उकिडवी बसून सासऱ्यांचं डायपर गुंडाळत होती. मळ आधीच संडासात टाकून तिने वर पाणी ओतलं होतं. आता डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी आवळायचं, वर वर्तमानपत्राचे थर, मग सुतळीची गाठ. कचरा नेणाऱ्याला हात लावायच्या आधी कळावं म्हणून कागदावर लाल पेनाने मोठा गोल. गोल काढून तिने पुडकं पायाने उघडायच्या झाकणाच्या बादलीत टाकलं. बादलीच्या तळाशी खाण्याचा सोडा पसरला होता, आणि फडक्यात बांधलेले कोळशाचे तुकडे एका बाजूला टांगले होते. हे सगळं श्रुतिकाने मोबाइलवर बघून शिकवलं होतं.

त्याआधी ती कॅरीबॅगेला गाठ मारून पिशवी दाराबाहेर ठेवायची. एकदा मांजराने ती फाडली. त्या दिवशी चौथ्या मजल्यावरची माणसं नाकाला पदर, रुमाल लावून जिना उतरली.  खालच्या, तिसऱ्या मजल्यावरच्या प्रेमाने तर विचारलंच, "काय गं, उंदीर मेला का तुमच्याकडे?" तेव्हापासून वास नसला तरी सुलक्षणाला यायचा. भात उकळताना यायचा, देवापुढे उदबत्ती लावतानाही यायचा.

"श्रुतिका, बाहेर जा. जिन्यापर्यंत जा आणि परत ये."

"परत?"

"जा गं. बाहेरून येणाऱ्यालाच कळतं. आपली नाकं मेलीत."

श्रुतिका चपला न घालताच गेली आणि आली. दारात उभं राहून तिने मोठ्याने हुंगलं.

"फिनेल. कांदा. आणि तू."

"नीट सांग."

"आई, मी काय पोलिसांचं कुत्रं आहे का? नाही येत वास. झकास आहे सगळं."

"तुझ्या सासरची, मुलुंडची माणसं आहेत ती. त्यांच्याकडे पेशंटला वेगळी खोली असेल, वेगळा संडास असेल. इथे दारातून आत आलं की समोर खाट. शर्मिष्ठाबाई पहिल्यांदाच घरी येणार, आणि आल्याबरोबर त्यांनी नाकाला रुमाल लावला म्हणजे?"

"मिहिरला सगळं माहितीये."

"मिहिरला माहिती असून काय करू? त्याच्या आईला नाक आहे ना?" सुलक्षणा हात धूत होती. साबण तिने दुसऱ्यांदा घेतला. "आणि मी तरी किती बांधू? सकाळी बांधा, दुपारी बांधा, संध्याकाळी बांधा. मेलं पाणी तरी किती लागतं माणसाला या वयात!"

खाट मोरीपासून चार हातांवर होती. मध्ये नुसता पडदा. पडद्यापलीकडे खाट करकरली आणि पुन्हा गप्प झाली. श्रुतिकाने आईकडे पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं. सुलक्षणाने मान हलवली. बाबांना दुपारी झोप लागते, असं तिला म्हणायचं होतं.

सासरे, धोंडू परब, गिरणी बंद पडेपर्यंत साच्यावर, म्हणजे मागावर, उभे होते. नंतर दहिसरला वॉचमन म्हणून रात्र रात्र उभे राहिले. उभं राहण्यातच त्यांचा जन्म गेला. आदल्या वर्षी मोरीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून ते खाटेवर होते. हात चांगले होते, जीभ चांगली होती, कान तर फारच चांगले होते. पहिल्यांदा डायपर बांधलं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर रोज तसंच करायचे. सुलक्षणा काम उरकून हात धुऊन आली की मगच तोंड इकडे फिरवायचे, आणि लगेच भलतंच काही विचारायचे.

"आज मासळी खंयची हाडलंस?"

दोन दिवसांनी त्यांनी खाट हलवायला सांगितलं.

"माका खिडकेकडे घाल गे. थंय वारो येता."

नवरा, राजेश, कामावरून आल्यावर त्याने खाट सरकवली. खिडकीच्या लोखंडी पिंजऱ्यात रंगाच्या मोठ्या डब्यात अळू होतं. वडीचं, काळ्या देठाचं. पाय धड होते तेव्हा बाबांनीच गावाहून कांदे आणून लावलं होतं. उन्हाळ्यात ते दर वर्षी मान टाकायचं. खाट तिथे गेल्यावर बाबांचा हात सहज डब्यापर्यंत पोचू लागला. पान पुसायचे, सुकलेला देठ मोडून काढायचे. सुलक्षणाला बरं वाटलं. माणूस कशात तरी रमला.

ती सकाळी पाण्याचा तांब्या भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. दुपारी तो रिकामा असायचा. पुन्हा भरायची, संध्याकाळी पुन्हा रिकामा. पाणी पितात म्हणजे तब्येत ठीक, एवढा हिशेब तिला पुरत होता.

आणि पुडकी हलकी होऊ लागली.

पहिल्यांदा तिला वाटलं, नवीन पाकीट चांगल्या कंपनीचं आलंय. मग वाटलं, सोडा, कोळसा, घट्ट गुंडाळणं, सगळं जमून आलंय. दुपारचं पुडकं बांधायची गरजच पडेना. बादली धुऊन गॅलरीत उन्हात पालथी घालायला वेळ मिळू लागला.

"हलकं झालंय सगळं," तिने राजेशला सांगितलं. "वास तर नाहीच. तू बघ ना."

"बघतो काय त्यात?" राजेश जेवत होता. "जेवू दे की."

"कौतुक कर जरा."

"केलं. वाढ आता आमटी."

विहीणबाई रविवारी आल्या. बरोबर मिहिर. सुलक्षणाने पडदा धुतला होता, बाबांना इस्त्रीचा सदरा घातला होता, दाढी राजेशने केली होती. शर्मिष्ठाबाई दारातून आत आल्या, थांबल्या, आणि त्यांनी रुमाल काढला. सुलक्षणाने पाण्याचा ट्रे परत ओट्यावर ठेवला. बाईंनी रुमालाने कपाळावरचा घाम टिपला आणि रुमाल पर्समध्ये ठेवला.

बाबा उशीला टेकून बसले होते. त्यांनी हात जोडले. आवाज बारीक आला.

"येवा. बसा."

सुलक्षणाने अळूवड्या तळल्या होत्या. डब्यातलं अळू यंदा चैत्रातच माजलं होतं, ताटाएवढी पानं. शर्मिष्ठाबाईंनी मागून घेतल्या.

"घरचं अळू? या उन्हात? आमच्या गॅलरीतलं तर सगळं जळून गेलं."

"बाबांचा हात आहे तो," सुलक्षणा म्हणाली. "तेच बघतात."

बाबा अळूकडे बघत होते. मिहिरने सरबताचा ग्लास त्यांच्यापुढे धरला. त्यांनी मान हलवली.

"माका नको बाबा. पोट भरला."

निघताना शर्मिष्ठाबाई स्वयंपाकाच्या ओट्याशी आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका हं, पण घरात पेशंट आहे असं वाटतच नाही. आमच्या सासूबाईंच्या वेळी मी चार धूप जाळायची, तरी पाहुणे पाच मिनिटांत उठायचे. कसं करता तुम्ही?"

सुलक्षणाने सगळं सांगितलं. गुंडाळायचं कसं, कागद किती, सोडा कुठे, बादली कधी धुवायची, लाल गोल कशाला. सांगताना तिचा आवाज नकळत मोठा झाला. राजेशने बाहेरून खाकरून खूण केली तेव्हा ती थांबली. विहीणबाईंनी जाताना तिचे हात हातात घेतले. त्या दिवशी ती पुष्कळ महिन्यांनी गाणं गुणगुणत भांडी घासत होती.

पुढच्या आठवड्यात प्रेमा वर आली. भर दुपार. हातात ओल्या चादरीचा बोळा, आणि आवाज तिच्या पुढे दोन पायऱ्या.

"सुलक्षणा, ए सुलक्षणा! बाहेर ये. तुझ्या सासऱ्याचं काय काय सांडतं खिडकीतून ते बघ. चार दिवस गप्प बसले. म्हातारं माणूस आहे, म्हटलं जाऊ दे. पण वाळत घातलेली चादर परत धुवायची म्हणजे माझे हात काय भाड्याने आणलेत?"

शेजारची दारं उघडली. सुलक्षणाच्या कानशिलांत रक्त चढलं. तिने चादर प्रेमाच्या हातातून ओढली, ओला भाग शोधला आणि सगळ्यांदेखत नाकाला लावला. एकदा, मग पुन्हा. मग तोच भाग प्रेमापुढे धरला.

"घे. तू पण घे वास."

"शी! मी कशाला?"

"घे म्हणते ना. आरोप करायला आलीस ना?"

प्रेमाने नाक लांबूनच पुढे केलं. मग जवळ नेलं.

"पाणीच आहे गं," ती म्हणाली. आवाज उतरला होता.

"मग?"

"मग तुझ्या अळूला सांग, एवढं ढोसू नकोस म्हणावं. माझ्या दोरीवर ओकतंय."

शेजारणी हसल्या. प्रेमाही हसली, आणि चादर घेऊन खाली गेली. सुलक्षणाने दार लावलं. जिंकल्यासारखं वाटत होतं. ओठांवर अजून हसू होतं, आणि तशीच ती खिडकीपाशी गेली.

डबा काठोकाठ भरला होता. अळूच्या देठांभोवती पाणी उभं होतं, तळाच्या भोकातून बारीक धार पिंजऱ्यावर आणि तिथून खाली. अळूला पाणी तिने घातलं नव्हतं. ते राजेश घालतो असं ती समजत होती. राजेश समजत होता ती घालते. श्रुतिका तर गॅलरीतल्या कपड्यांनाही हात लावत नसे.

उशाशी तांब्या रिकामा होता. बाबा डोळे मिटून पडले होते. ओठांवर पांढरी साल आली होती. ती रोज त्यांचं सगळं पुसत होती, धूत होती, पण तोंडाकडे तिने किती दिवसांत पाहिलं नव्हतं कोण जाणे. ते तोंड भिंतीकडे करायचे, आणि तिलाही ते सोयीचं होतं.

तिने तांब्या भरला. त्यांच्या मानेखाली हात घातला.

"बाबा, उठा. पाणी प्या."

"मगे पितंय. ठेव थंय."

"नाही. आत्ता. माझ्यासमोर."

त्यांनी डोळे उघडले. आधी तांब्याकडे पाहिलं, मग अळूकडे, मग तिच्याकडे. चोरी पकडल्यासारखं हसले. दात नव्हतेच.

"रागव नको गे. श्रुतिकेचा लग्न होवंदे. मगे पोटभर पितंय."

 ती तशीच उभी राहिली, हात त्यांच्या मानेखाली. मान कढत होती.

"माझ्या बोलण्यावर जाता काय, बाबा? मी काय, काहीही बोलते."

"तू खंय काय बोललंस?" ते म्हणाले. "माका काय आयकाक येना नाय."

आणि तिचं मन राखायला त्यांनी दोन घोट घेतले. तिसरा गळ्याखाली उतरला नाही. ओघळून सदऱ्यावर सांडला.

त्या दिवसापासून ती समोर बसून पाणी पाजू लागली. चमच्याने, वाटीने, नारळपाणी, पेज. ते शहाण्या मुलासारखं तोंड उघडायचे. डायपर बदलताना ती मुद्दाम भरलेलं आहे का ते चाचपून बघायची, आणि पुडकं बांधायच्या आधी हातावर तोलायची. पुडकं जड व्हावं म्हणून ती नवस बोलली. पुडकं हलकंच राहिलं. ताप उतरेना, तेव्हा राजेशने रिक्षा आणली.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टरीणबाईंनी कागदावरून नजर उचलली.

"लघवीचं इन्फेक्शन खूप वर गेलंय. किडन्यांवर आलंय. घरी पाणी नीट प्यायचे का?"

"भरपूर," राजेश म्हणाला. "तांब्या रिकामा व्हायचा ना हो. सुलक्षणा, सांग की."

"नाही," सुलक्षणा म्हणाली. "प्यायचे नाहीत."

राजेशने वळून पाहिलं.

"का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, घट्ट गुंडाळलं, सोडलं.

"चव लागत नाही म्हणायचे," ती म्हणाली.

राजेशचं समाधान झालं. त्याने पुन्हा कधी विचारलं नाही.

देह घरी आणला तेव्हा पॅसेज माणसांनी भरला होता. मुलुंडची माणसंही आली. प्रेमाने स्वतःच्या घरातली सतरंजी आणून अंथरली, आणि रडत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिली, "शेवटपर्यंत केलं हो हिने. इतके महिने माणूस खाटेवर, पण वास म्हणून कधी आला नाही. सून असावी तर अशी." शर्मिष्ठाबाईंनी मान डोलावली. राजेशने डोळे पुसत बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. सुलक्षणा तो हात सहन करत बसली.

गावाहून आलेल्या राजेशच्या आत्याबाईंनी पाणी मागितलं. एकेकाने पुढे येऊन बाबांच्या तोंडात चमचाभर पाणी घातलं. राजेशने घातलं, श्रुतिकाने घातलं. सुलक्षणाची पाळी आली तेव्हा तिने चमचा भरून ओतला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गालावर येत होतं आणि ती चमचा भरत होती. शेवटी आत्याबाईंनी तिचं मनगट धरलं.

"पुरे गो बाय," त्या म्हणाल्या. "एकच घालूचा असता."

धोंडू भिकाजी परब, राहणार दहिसर पूर्व, मे महिन्याच्या एकोणीस तारखेला, शुक्रवारी, वैशाख अमावास्येला सकाळी वारले.