वच्छलाबाईंचा कान

वच्छलाबाईंनी जन्मात एकही भांडं डोळ्यांनी घेतलं नाही. डोळ्यांचं काय, घासूनपुसून मांडलं की गिलटही सोन्याचा आव आणतं. त्यांचं माहेर इतवारी बाजारातल्या भांडेवाल्याचं. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, मग लग्न होईपर्यंत बापाच्या दुकानात बसल्या. काशाची वाटी बोटांच्या टोकांवर धरायची, मधल्या बोटाचं हाड टण्णकन मारायचं आणि कान लावायचा. वाटी गात राहिली तर खरी. मध्येच मुकी झाली तर कुठंतरी चीर आहे, दिसो की न दिसो. अजूनही त्यांच्या नंदनवन वस्तीत कुणाकडे लग्न निघालं की भांडी घ्यायला वच्छलाबाईंना सोबत नेतात, आणि दुकानदार त्यांना लांबून पाहूनच भाव उतरवून ठेवतो.

अशा बाईच्या घरात रोहितने, म्हणजे त्यांच्या पोरानं, जेवता जेवता विषय काढला. नानाजींची, म्हणजे वच्छलाबाईंच्या नवऱ्याची, पंच्याहत्तरी आली होती. घरीदारी सगळे त्यांना नानाजीच म्हणत, पोरगासुद्धा. तर नानाजींसाठी चांगले स्पीकर घ्यायचे, दोन मोठे आणि सोबत एक मशीन. पंच्याण्णव हजार.

वच्छलाबाईंचा घास हातातच राहिला. "पंच्याण्णव हजाराचे डब्बे? आन् त्यात ठेवायचं काय गा, डाळ का तांदूळ?"

"आई, आवाजाचा फरक पडते."

"आवाज आवाज असते. शेजारची यमुना गल्लीच्या टोकावरून बोलते तरी मले इथं ऐकू येते. तिले कोणता स्पीकर लावला?"

नानाजी वरणात भात कालवत राहिले. सून दिपाली मात्र बोलली. "आई, मोबाईलवर नानाजींचं भजन लावलं की नुसती छनछन ऐकू येते. महिना झाला, त्यांनी लावणंच सोडलं."

हे खरं होतं. नानाजी पोस्टात होते, पण जीव सगळा भजनी मंडळात. चाळीसेक वर्षांपूर्वी मंडळाला रेडिओवर बोलावलं होतं. त्या भजनाची कॅसेट नानाजींनी देवासारखी जपली आणि दिपालीने ती मोबाईलमध्ये उतरवून दिली. मंडळातले निम्मे लोक आता नाहीत. उरलं ते एवढंच.

पण त्या भजनाचं नाव निघालं की वच्छलाबाईंची मान जरा ताठ होई, कारण त्यात एक जुनं भांडण वाजत होतं. लग्नात बापाने जावयाला काशाच्या टाळांची जोडी दिली होती. टाळ निवडले होते वच्छलाबाईंनी स्वतः, ठोकून, कान लावून. महिनाभरात नानाजी भीत भीत म्हणाले, "वच्छला, एका टाळात चीर आहे वाट्टे. नाद मध्येच तुटते."

"माझ्या बापाच्या दुकानात चीर? टाळात नाही, तुमचा हात भारी आहे, जोरात आपटता."

झालं. सेहेचाळीस वर्षं तेच वाक्य चाललं. नानाजी तेच टाळ वाजवत राहिले, रेडिओवरही तेच नेले. पुढं ते टाळ एसटीत राहून गेले आणि खऱ्याखोट्याचा पुरावाही गेला. उरला फक्त नानाजींचा भारी हात.

शेवटी वच्छलाबाईंनीच तोडगा काढला. "मी दुकानात येते. डोळे मिटून बसते. आधी साधा आठ हजारवाला लावा, मग तुमचा पंच्याण्णववाला. मले फरक कळला तर घ्या. नाही कळला तर या घरात स्पीकरचं नाव काढायचं नाही."

रोहितचं तोंड उतरलं. निकाल आईच्याच हाती, आणि तिचं मत तर जेवतानाच कळलं होतं. पण दिपाली हळूच म्हणाली, "आई कानाशी खोटं बोलत नाही. पाहा तुम्ही."

रविवारी सकाळी चौघं रामदासपेठेतल्या दुकानात गेले. तिथला दुर्गेश नावाचा पोरगा गोड बोलणारा. त्याने खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. तोवर वच्छलाबाई उठून मोठ्या स्पीकरपाशी गेल्या आणि बोटाचं हाड त्याच्या कुशीवर मारलं. ठक्. मग आठ हजारवाल्यावर. ठप्.

"काकू, असं नाही पाहत ते," दुर्गेश घाईने म्हणाला.

"मग कसं पाह्यतात? हा भरीव आहे आन् हा खोका. एवढं तर कळलं." त्या खुर्चीत येऊन बसल्या. "लाव आता."

दुर्गेशने कसलंसं इंग्रजी गाणं लावलं. धाडधूड धाडधूड. वच्छलाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "हे बंद कर बापा. पत्र्यावर माकडं नाचून राहिली. दिपाली, नानाजींचं भजन दे त्याले."

आधी छोट्यावर लागलं. घरी वाजतं तसंच. पेटी, आवाज, छनछन, सगळा एकच काला. वच्छलाबाईंच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं. मग दुर्गेशने मोठ्यावर लावलं.

आधी काहीच वाजलं नाही. मग कुणीतरी श्वास घेतला. वच्छलाबाईंना तो श्वास ओळखू आला. सूर लावण्याआधी नानाजी असाच घ्यायचे, चौतीस वर्षांचे असताना, पांढरा सदरा घालून. मग आवाज उठला तो थेट समोरून, जणू माणूस दोन हातांवर बसला आहे. डावीकडे पेटी. मागे मंडळातल्या भैयाजींचा मृदंग, भैयाजी जाऊनही बारा वर्षं झाली. आणि टाळ. पहिल्यांदाच टाळ वेगवेगळे ऐकू येत होते. एक जोडी लांबवर गात जायची. दुसरीही तशीच. आणि नानाजींच्या आवाजाला लागून एक जोडी वाजत होती, ती टण् म्हणून गाऊ लागायची आणि मध्येच मुकी व्हायची.

वच्छलाबाईंच्या ओठावरचं हसू गेलं.

"पुन्हा लाव."

पुन्हा तेच. टण्, आणि मुकी. हात भारी असता तर नाद जाड झाला असता, तुटला नसता. एवढं चौथीत शाळा सुटलेल्या दुकानातल्या पोरीलाही कळत होतं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडून नानाजींकडे पाहिलं. नानाजी छताचा पंखा पाहत होते. पंखा बंद होता.

"काय काकू," दुर्गेशने विचारलं, "फरक आहे न?"

वच्छलाबाई पेचात पडल्या. फरक आहे म्हणावं तर काय फरक आहे ते सांगावं लागेल. नाही म्हणावं तर बापाचं दुकान शाबूत राहतं, पण जन्मभर मिरवलेला कान खोटा पडतो. रोहितने मान खाली घातली. दिपाली सासूच्या तोंडाकडे पाहत होती.

तेवढ्यात नानाजी उठले आणि सदरा झटकून म्हणाले, "राहू दे रोहित. सारखंच आहे. मलेही काही फरक नाही वाटला. चाला घरी."

वच्छलाबाईंनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं. या माणसाने आज पहिल्यांदा आपले मेलेले दोस्त पुन्हा ऐकले होते, आणि बायकोची मान खाली जाऊ नये म्हणून ते इथंच टाकून निघाला होता. सेहेचाळीस वर्षं असाच निघत आला होता.

"बसा खाली," त्या म्हणाल्या. "सारखं कसं? बहिरे झालात का?" मग पदर सावरून, पंख्याकडे पाहत म्हणाल्या, "तुमचा हात भारी नव्हता."

नानाजी बसले. मग आधी खांदे हलले, मग पोट, आणि मग ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. वच्छलाबाईंनाही आवरेना. रोहित आणि दुर्गेश एकमेकांकडे पाहत राहिले. दिपालीला मात्र सगळं कळलं, ती तोंडाला ओढणी लावून हसत होती.

"जास्त हसू नका," वच्छलाबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुम्हालेही ठोकून पाह्यलं होतं लग्नाआधी. तिथं नाही चुकली मी." आणि लगेच दुर्गेशकडे वळल्या. "हं. यांचा जुना टेप घरी पडला आहे. मोडीत घेतो का?"

"काकू, तसं नाही होत आमच्याकडं."

"मग स्पीकरच्या खालच्या या तिवया फुकट दे. बुडाशिवाय घागर विकतो का कोणी?"

तिवया फुकट आल्या.

आता दर रविवारी सकाळी त्या घरात भजन लागतं. नानाजी गुडघ्यावर ताल धरतात. पहिल्याच रविवारी शेजारच्या यमुनाताई आल्या, किंमत ऐकून त्यांनी गालावर बोट ठेवलं. "काय वं वच्छला, एवढे पैसे? काय मिळालं त्यात?"

"बस. डोळे मीट," वच्छलाबाईंनी त्यांना सोफ्यावर दाबून बसवलं. "आता तिसरा टाळ ऐक. टण् म्हणते आन् थांबते, ऐकू आलं? चीर आहे त्यात. माझ्या बापाच्या दुकानचा आहे. साध्या डब्ब्यात नाही ऐकू येत हो ते."